घाईने येऊन थांबणारी जहाजे

समुद्रकिनाऱ्यावर संध्याकाळी फिरायला जाणाऱ्याला क्षितिजाच्या अलीकडे दोन-चार मोठी जहाजे हमखास उभी दिसतात. बरोबर लहान मूल असले तर ते विचारते, ही बोट हलत का नाही? आपण सांगतो, तिने नांगर टाकला आहे, तिचा नंबर लागायचा आहे. मुलाचे समाधान होते आणि आपण भेळेकडे वळतो. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे आणि तो मोठ्यांनीही विचारण्याजोगा आहे. या बोटीला इथे येऊन चार दिवस उभेच राहायचे होते, तर वाटेत ती एवढी धावत का आली?

हा प्रश्न वाटतो तितका बालिश नाही. त्यात लाखो रुपयांचे तेल आहे, हवेत जाणारा धूर आहे आणि बोटीवर असलेल्या वीस-बावीस माणसांची झोपही आहे. कोकणात 'तो बोटीवर असतो' हे वाक्य 'तो मुंबईला असतो' इतक्याच सहजपणे उच्चारले जाते. त्यामुळे बोट कोणत्या वेगाने चालते आणि तो वेग कोण ठरवतो, हा विषय आपल्यापासून फार दूरचा नाही.

आधी थोडा हिशेब करू. मोटारीचा वेग वाढवला की पेट्रोल थोडे जास्त जाते, हे आपल्याला माहीत असते. पाण्यात हा 'थोडे' शब्द लागू पडत नाही. जहाजाचा वेग दुप्पट करायचा तर इंजिनाची ताकद दुप्पट करून भागत नाही, ती सुमारे आठपट लागते. वेगाचा घन करावा, तेवढ्या पटीने ताकद आणि तेवढ्याच पटीने रोजचे तेल, असा जहाजावरचा जुना ठोकताळा आहे. नेमका आकडा प्रत्येक जहाजाचा वेगळा, पण ठोकताळा म्हणून तो चांगला चालतो.

एक जहाज घ्या. त्याला ३,६०० सागरी मैल जायचे आहे. ताशी १५ सागरी मैल, म्हणजे १५ नॉटने ते चालले तर २४० तास, बरोबर दहा दिवस लागतील. या वेगाला ते रोज ६० टन तेल जाळते असे समजू. म्हणजे एकूण ६०० टन. आता तोच प्रवास १२ नॉटने करा. वेग पाचव्या हिश्श्याने उतरला, दिवस साडेबारा झाले, पण रोजचे तेल ३१ टनांच्या आत आले. प्रवासाचे एकूण तेल ३८४ टन. वाचले २१६ टन. जहाजाच्या एक टन जड तेलातून तीन टनांहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो, तेव्हा हवेत जाणारा साडेसहाशे टनांपेक्षा जास्त वायूही वाचला. अडीच दिवस जास्त लागले म्हणून विजेची जनित्रे तेवढी जास्त चालली, त्यांचे सात-आठ टन वजा करा. तरीही २०० टनांवर शिल्लक राहते.

बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला याच्या पुढची रकानेही भरल्याशिवाय चैन पडत नाही. तेल टनाला ५०० डॉलर धरले तर वाचलेले तेल एक लाख डॉलरच्या वर जाते. जहाजाचे भाडे दिवसाला २०,००० डॉलर धरले तर अडीच दिवसांचे ५०,००० डॉलर अंगावर येतात. आणि मालात अडकलेला पैसा? जहाजात १,७०,००० टन लोहखनिज आहे आणि ते टनाला १०० डॉलरचे आहे असे समजा. एक कोटी सत्तर लाख डॉलरवर सहा टक्क्यांनी अडीच दिवसांचे व्याज सात हजार डॉलरच्या आत बसते. म्हणजे सगळी वजाबाकी करूनही सावकाश येणे फायद्याचे. आणि जहाजाला पुढे अडीच दिवस नांगरून राहायचेच असेल, तर भाड्याचा प्रश्नही उरत नाही, कारण ते दिवस दोन्हीकडे सारखेच जातात. तेलाचे पैसे मात्र अक्षरशः पाण्यात.

दुसरी एक गोष्ट या घनाच्या हिशेबातून निघते आणि ती कमी लोकांच्या लक्षात येते. सरासरी वेग एकच असला तरी तो कसा वाटला यावरही तेल अवलंबून असते. वरच्या जहाजाला साडेबारा दिवसच हाताशी आहेत. पण कॅप्टनने विचार केला, आधी अर्धे अंतर १५ नॉटने काटून टाकू, मग उरलेले १० नॉटने सावकाश जाऊ. वेळ तेवढाच लागला. तेल मात्र ३८४ ऐवजी ४३३ टन. पन्नास टनांच्या आसपासचा हा दंड केवळ 'आधी पळून घेऊ, मग बघू' या वृत्तीचा. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या मुलांना आपण जे सांगतो, तेच इथे इंजिन सांगते, फक्त बिल पाठवून.

हे सगळे कळायला संगणकही लागत नाही. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले तेव्हाही जहाजवाल्यांना ते कळले होते. त्याच सुमारास एका अमेरिकन कंपनीने ३३ नॉटने धावणारी आठ कंटेनर जहाजे बांधून घेतली होती. त्यांची भूक एवढी होती की दहा वर्षे पुरी व्हायच्या आत, १९८१-८२ मध्ये, ती अमेरिकन नौदलाच्या ताब्यात गेली. २००८ मध्ये तेल पुन्हा कडाडले, मागोमाग मंदी आली, आणि २४-२५ नॉटने जाणारी मोठमोठी कंटेनर जहाजे १८ नॉट आणि त्याहूनही खाली आली. भाव चढले की सावकाश आणि उतरले की पुन्हा धावपळ, असे हे चक्र आहे.

मग हिशेब इतका उघड असताना जहाजे धावत येऊन उभी का राहतात? याचे उत्तर इंजिनात नाही, करारात आहे.

मी बँकेत परकीय चलन विभागात होतो तेव्हा बिल ऑफ लेडिंग हा कागद रोज हाताखालून जात असे आणि त्याच्यामागे उभी असलेली चार्टर पार्टी, म्हणजे जहाज भाड्याने घेण्याचा करार, अधूनमधून वाचायला मिळे. हा करार मुख्यतः दोन तऱ्हांचा. एकात जहाज रोजच्या भाड्याने घेतले जाते आणि तेल भाडेकरू भरतो. दुसऱ्यात एका खेपेपुरते टनावर भाडे ठरते आणि तेल मालकाचे. या दुसऱ्या करारात एक जुने कलम असते : जहाजाने शक्य तितक्या त्वरेने निघावे व पोहोचावे. शिडाच्या जहाजांच्या काळात त्याला अर्थ होता. वाऱ्यावर चालणारे जहाज वाटेत रेंगाळू नये म्हणून ते घातले गेले. आज त्याच कलमामुळे कॅप्टनला समोर धक्का रिकामा नाही हे दिसत असूनही स्वतःहून वेग उतरवता येत नाही. उतरवला तर करारभंग.

त्यात डेमरेजची भर. जहाज बंदराबाहेर पोहोचले, 'आम्ही तयार आहोत' अशी नोटीस कॅप्टनने दिली की घड्याळ चालू होते. माल चढवण्या-उतरवण्याला ठरलेली मुदत संपली की दर दिवसाला भाडेकरूने दंड भरायचा. म्हणजे मालकाच्या दृष्टीने लवकर येऊन उभे राहणे ही कमाई. रोजभाड्याच्या करारात उलटा घोळ. तेल भाडेकरूचे, तेव्हा जहाजाचा तळ घासून शेवाळ-शिंपले काढण्याची मालकाला घाई नाही. एकाने जाळायचे, दुसऱ्याने भरायचे, असा संसार कुठल्याही घरात काटकसरीने चालत नाही.

आणि शेवटी रांग. बहुतेक बंदरांत जो आधी येईल त्याचा नंबर आधी. ऑस्ट्रेलियातले न्यूकॅसल हे कोळशाचे मोठे बंदर आहे. २००७ साली तिथे पन्नासांहून अधिक जहाजे बाहेर समुद्रात ताटकळत उभी होती. ८ जून २००७ ला वादळ आले आणि त्या रांगेतले 'पाशा बल्कर' नावाचे जहाज थेट शहराच्या पुळणीवर येऊन बसले. ते २ जुलैला निघाले. पुढे त्या बंदराने पद्धत बदलली. जहाज वाटेत असतानाच त्याचा नंबर लागावा, प्रत्यक्ष येऊन उभे राहण्याची गरज पडू नये, अशी व्यवस्था केली. रॉकेलच्या रांगेत आपल्या जागी डबा ठेवून घरी स्वयंपाकाला जाणाऱ्या बायका ही युक्ती आपल्याकडे कितीतरी आधीपासून जाणत होत्या. जहाजाला डबा ठेवता येत नव्हता, एवढेच.

अलीकडे या सगळ्यावर एक निराळाच उतारा सुचवला जातो. इंजिनावर शेकडो संवेदक बसवा, त्यांची माहिती सेकंदासेकंदाला उपग्रहामार्फत किनाऱ्यावर आणा, तिथे मोठा संगणक इष्टतम वेग काढील आणि जहाजाला कळवील. ऐकायला हे छान वाटते. अडचण एवढीच की समुद्रावर उपग्रहाची जोडणी ही अजूनही शहरातल्या नळासारखी नाही, गावातल्या विहिरीसारखी आहे. जावे लागते, ओढावे लागते आणि मोजून वापरावे लागते. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच. ध्रुवांकडे गेले की तो क्षितिजाखाली जातो. कधी जहाजाचीच डोलकाठी किंवा धुराडे मध्ये येते, कधी मुसळधार पाऊस. २०२२ पासून खालून फिरणाऱ्या उपग्रहांची वेगवान सेवा जहाजांना मिळू लागली आणि चित्र झपाट्याने बदलते आहे, हे खरे. पण ती प्रत्येक जहाजावर पोहोचलेली नाही आणि जिथे पोहोचली तिथेही महिन्याचा कोटा मालक ठरवतो.

माझे म्हणणे असे की वेगाच्या प्रश्नाला ही मोठी जोडणी मुळात लागतच नाही.

जहाजावर रोज दुपारी बारा वाजता एक कागद भरला जातो. त्याला नून रिपोर्ट म्हणतात. जहाज कुठे आहे, कालच्या दुपारपासून किती मैल आले, इंजिनाचे मिनिटाला किती फेरे, तेल किती जळले, किती उरले, वारा कुठला, लाटा केवढ्या. पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजाचे घड्याळ पुढे करावे लागते, म्हणून त्याची 'दुपार ते दुपार' कधी तेवीस तासांची असते, पश्चिमेकडे जाणाऱ्याची पंचवीस तासांची. याहून कोरडे गद्य मी वाचलेले नाही. पण कादंबरीत दहा पाने खर्चून जे सांगता येत नाही ते त्यातल्या एका आकड्यात असते. पंख्याच्या फेऱ्यांवरून जहाज जेवढे पुढे जायला हवे होते आणि ते प्रत्यक्षात जेवढे गेले, त्यातल्या फरकाला स्लिप म्हणतात. हवामान चांगले असूनही हा फरक आठवड्यामागून आठवडा वाढत गेला तर समजावे, तळाला शेवाळ धरले आहे किंवा पंखा खराब झाला आहे.

हा सगळा रिपोर्ट एक-दोन किलोबाइटचा. आपण लग्नात काढून नातेवाइकांना पाठवतो त्या एका फोटोत असे हजाराहून अधिक रिपोर्ट मावतील. वाटेतल्या हवामानाची आकडेवारी दाबून पाठवली तर तीही एका फोटोपेक्षा लहान असते. आणि ती दिवसातून दोनदा मिळाली तर पुरे, कारण हवामानाचे अंदाज करणारी केंद्रेच नवी गणिते दिवसातून दोन-चार वेळा करतात. पाच-सहा दिवसांच्या पलीकडचा अंदाज फारसा भरवशाचा नसतो. मग जहाजाच्या वेगाचा निर्णय सेकंदाला बदलण्यात काय हशील? लाखभर टनाचे जहाज म्हणजे रिक्षा नव्हे. त्याचा वेग हा तासांचा आणि दिवसांचा मामला आहे. जहाजावरचाच साधा संगणक कालचा रिपोर्ट, आजचे हवामान आणि उरलेले मैल घेऊन उद्याचे फेरे काढू शकतो. जोडणी तुटली तर तो जुन्या अंदाजावर चालतो, थोडा वेळ राखून ठेवतो आणि जोडणी आली की पुन्हा मांडणी करतो.

इंजिनाच्या बाजूनेही मोकळीक अमर्याद नाही. या मोठ्या इंजिनांना गिअर नसतात. पंखा सरळ इंजिनाच्या दांड्यावर असतो. इंजिन मिनिटाला ऐंशी फेरे फिरले की पंखाही ऐंशीच. त्यातला एक पट्टा वर्ज्य असतो, कारण त्या फेऱ्यांना दांडा पिळवटल्यासारखा थरथरतो. त्या पट्ट्यातून झटकन निघून जायचे असते, तिथे रेंगाळायचे नसते. फार खाली उतरले की टर्बोचार्जर पुरेशी हवा देत नाही, काजळी धरते, सिलिंडरच्या भिंतीवर आम्ल तयार होऊन ती खाते, धुराच्या उष्णतेवर फुकट मिळणारी वाफ कमी पडते आणि बॉयलर पेटवावा लागतो. म्हणून सावकाश चालणाऱ्या जहाजावर अधूनमधून इंजिनाचा भार वाढवून काजळी झटकून टाकतात. खवळलेल्या समुद्रात हट्टाने वेग टिकवू गेले तर इंजिनाला धाप लागते. मुरलेला चीफ इंजिनिअर तिथे फेरे सांभाळतो आणि वेग पडतो तेवढा पडू देतो, पण हातात दिवस शिल्लक असले तरच. हे सारे चीफ इंजिनिअरच्या कानाला आणि तळहाताला कळत असते. जनरेटरच्या आवाजातला फरक ऐकून झोपेतून उठणारी ती जात आहे.

तेव्हा हातात काय नाही? नाही ती एकच गोष्ट : धक्का कधी मोकळा होणार, तो दिवस आणि तो तास. तो उपग्रहाने पाठवायला चार अक्षरे पुरतात. पण तो बंदराने सांगायला हवा, भाडेकरूने मानायला हवा आणि त्याप्रमाणे उशिरा आलेल्या जहाजाला करारभंगाचा दोष लागणार नाही, असे कागदावर असायला हवे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२० मध्ये 'वेळेवर आगमन' या विषयावर मार्गदर्शिका काढली. वेग उतरवण्याची मुभा देणारी कलमेही तयार आहेत. मोठ्या जहाजांना त्यांच्या धुराच्या हिशेबावरून 'ए' ते 'ई' अशी श्रेणी देण्याचा नियम १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. तरी जुने कलम आणि जुनी रांग बऱ्याच ठिकाणी आहे तिथेच आहे. संवेदक विकत घेता येतात. करारातली एक ओळ बदलायला तीन पक्षांना एका टेबलाशी बसावे लागते, आणि तेच अवघड.

इथे कुणी म्हणेल, नून रिपोर्टवर विश्वास काय ठेवायचा? आक्षेप बरोबर आहे. करारात जहाजाचा वेग 'चांगल्या हवामानात' अमुक, असे लिहिलेले असते आणि चांगले हवामान म्हणजे बोफर्ट मोजणीवर वाऱ्याचा जोर चारपर्यंत. मग जहाज मागे पडले त्या दिवशी लॉगबुकात वारा पाच होतो. चीफ इंजिनिअरही टाकीत थोडे तेल हिशेबाबाहेर राखून ठेवतात, ही या धंद्यातली जुनीच रीत. आपल्या आया तांदळाच्या डब्यात नोटा ठेवत, त्यातलाच प्रकार. अडीनडीला तेल कमी पडले तर जाब त्यांनाच द्यावा लागतो. संवेदक लावले की ही लपवाछपवी बंद होईल, असे किनाऱ्यावरच्या साहेबांना वाटते. काही अंशी होईलही, आणि तळाचे शेवाळ लवकर उघडे पडेल, हा फायदा मी नाकारत नाही. पण माणूस आकडा का फिरवतो, याचा विचार आधी व्हावा. खरा आकडा सांगितल्याबद्दल ज्याला दर वेळी खुलासा मागितला जातो, तो पुढच्या वेळी सोयीचा आकडा देतो. शाखांच्या थकीत कर्जांचे तक्ते मुख्य कार्यालयाकडे कसे जात, हे पाहिलेल्याला यात नवे काही वाटणार नाही.

याच्या उलट एक उदाहरण इतिहासात आहे. मॅथ्यू मॉरी हा अमेरिकन नौदलातला अधिकारी. अपघातात पाय अधू झाला म्हणून त्याला समुद्रावरून काढून नकाशांच्या कोठारात बसवले. तिथे जुन्या लॉगबुकांचे ढीग होते. त्यातले वारे आणि प्रवाह वेचून त्याने १८४७ मध्ये उत्तर अटलांटिकचा नकाशा काढला. त्याने कॅप्टनांना नकाशे फुकट दिले आणि बदल्यात एवढेच मागितले की तुमच्या प्रवासाच्या नोंदी मला पाठवा. बातमी पोहोचायला महिने लागत. उपग्रह सोडाच, समुद्रात तारही नव्हती. तरी त्या नकाशांनी लांबच्या सफरींचे कित्येक दिवस वाचवले. नोंदी प्रामाणिक येत, कारण त्या देणाऱ्याला त्यातून काही मिळत होते.

जोडणी कमी असताना एका गोष्टीची मात्र हयगय चालत नाही. हातात आलेली माहिती किती वाजताची आहे, हे माहितीइतकेच महत्त्वाचे असते. १ ऑक्टोबर २०१५ रोजी 'एल फारो' हे अमेरिकन मालवाहू जहाज फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलहून पोर्टो रिकोला जाताना बहामाजवळ 'वाकीन' चक्रीवादळात सापडून बुडाले. जहाजावरची तेहेतीसही माणसे गेली. नंतरच्या तपासात दिसले की कॅप्टन ज्या हवामान-कार्यक्रमावर भिस्त ठेवून होता, त्याच्या फाइली ईमेलने येत आणि त्यातली वादळाची जागा कित्येक तास शिळी असे. पडद्यावर मात्र वादळ रंगीत, रेखीव आणि ताजे दिसे. त्याहून ताजी माहिती ब्रिजवरच्या दुसऱ्या यंत्रावर साध्या मजकुरात छापून येत होती. मुदत उलटलेला चेक कितीही सुबक अक्षरात लिहिलेला असला तरी कॅशियर तो परत करतो. वेग ठरवणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमात प्रत्येक आकड्याशेजारी त्याचे वय ठळक लिहिलेले असावे, आणि ते ठरावीक तासांच्या पुढे गेले की त्या आकड्याचा रंग बदलावा. याला फार खर्च नाही.

बँकांच्या शाखा मुख्य संगणकाला जोडल्या गेल्या तेव्हाचे दिवस अनेक वाचकांना आठवत असतील. 'लिंक नाही' अशी पाटी लागे आणि खातेदार, पासबुक, रोकड, कारकून सगळे समोर असूनही व्यवहार ठप्प होई. पूर्वी जो मॅनेजर लेजर पाहून स्वतःच्या सहीने पैसे देई, तो आता हात बांधून बसे. त्याची बुद्धी गेली नव्हती, अधिकार गेला होता. जहाजाचे फेरे किनाऱ्यावरून ठरू लागले तर तिथेही हेच होईल, फरक एवढाच की खातेदाराला उद्या या असे सांगता येते, वादळाला नाही. समुद्रावरील जीवितरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारात, ज्याला सोलास म्हणतात, कॅप्टनने सुरक्षिततेसाठी घेतलेल्या निर्णयात मालकाने वा भाडेकरूने आडकाठी आणू नये, असे स्पष्ट कलम आहे. परंतु कलम वादळाच्या रात्री कामी येते. रोज सकाळी 'काल ७६ ऐवजी ७८ फेरे का?' असा खुलासा मागणाऱ्या ईमेलपुढे ते निरुपयोगी आहे. किनाऱ्याने पोहोचण्याची वेळ सांगावी आणि हवामान कळवावे. फेरे जहाजाने ठरवावेत.

आणि वाहिनी अरुंदच असेल तर ती आधी कुणाला, हाही प्रश्न आहे. २५ जुलै २०२० ला 'वाकाशियो' हे रिकामे मालवाहू जहाज सिंगापूरहून ब्राझीलकडे जाताना मॉरिशसच्या किनाऱ्याला प्रवाळावर चढले. सुमारे १,००० टन तेल त्या निळ्या पाण्यात पसरले. मॉरिशस म्हणजे जिथे पिढ्यान्पिढ्या मराठी कुटुंबे राहत आली आहेत ते बेट. जहाज किनाऱ्याच्या इतके जवळ का गेले, याचे तपासात निघालेले उत्तर असे की मोबाइलचे सिग्नल मिळावे म्हणून. करोनाचे दिवस होते. जगभर हजारो खलाशी करार संपूनही महिनोन्महिने जहाजांवर अडकून पडले होते. त्या कृतीचे समर्थन करता येणार नाही. पण घरच्यांचा आवाज ऐकण्याची तहान आणि जहाजावरची कंजूष जोडणी यांची किंमत शेवटी एका खाजणाने मोजली, हेही विसरता येत नाही.

सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती २३ डिसेंबर २०२४ पासून लागू आहे. जहाजमालकांनी शक्य असेल तेथवर खलाशांना इंटरनेटसह संपर्काची सोय द्यावी आणि पैसे आकारलेच तर ते वाजवी असावेत, असे ती म्हणते. 'शक्य असेल तेथवर' या तीन शब्दांत किती मावते, हे कुठल्याही जुन्या अधिकाऱ्याला विचारा. इंजिनाचे सेकंदासेकंदाचे आकडे किनाऱ्यावर पाठवायला कोटा पुरतो आणि फिटरला रत्नागिरीला फोन करायचा असला की तो संपलेला असतो, असे जिथे होत असेल तिथे ते तीन शब्द काढून टाकावेत. नून रिपोर्टचे दोन किलोबाइट, हवामानाची फाइल सकाळ-संध्याकाळ आणि किनाऱ्याकडून उलट टपाली एक ओळ, धक्का अमुक तारखेला अमुक वाजता. वेगाचे काम एवढ्यात भागते. बाकीची वाहिनी रात्री आठ ते बारा खलाशांच्या मेसमध्ये मोकळी ठेवावी.